आमच्या टाकीचे कंपौंडर

आमच्या उंद्रीतले इंगळे काका संडासाच्या पाइपाला स्टेथोस्कोप लावतात. थट्टा नाही करत. चिखलीच्या एका दवाखान्यात ते पस्तीस वर्षं कंपौंडर होते. निवृत्त झाल्यावर तपासायला माणसं मिळेनात, म्हणून गल्लीतले सेप्टिक टँक तपासायला लागले. कोणाकडे चहाला गेले की आधी मागच्या अंगणात जाणार, डोळे मिटून पाइपाचं ऐकणार आणि निदान सांगणार. "गॅस झाला." नाही तर, "हिचं पोट साफ नाही." औषध मात्र सगळ्यांना एकच: "पानी तोडा." म्हणजे पाणी कमी वापरा.

मला या माणसाचा भारी वैताग यायचा. पाहुण्यांसमोर कोणी आपल्या संडासाची तब्येत सांगत बसलं तर कसं वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पण ऑगस्टात पाच दिवसांची पावसाची झड लागली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन खामगावात होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. तिला खाली बसता येत नव्हतं, सगळी भिस्त कमोडवर. आणि त्या सकाळी फ्लश केलं तर पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायला लागलं. न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी, बुडबुडे, वास. मागे टाकीवरची माती पायाखाली पचपचत होती. आईला आता न्यायचं कुठे, हा एकच विचार डोक्यात.

मी उपसा करणाऱ्या गाडीवाल्याला फोन लावतोय, तोच काका छत्री घेऊन हजर. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून काढूनच घेतला.

"आता उपसशील तं जमिनीतलं पानी पुन्हा आत भरन, नाही तं टाकीची भिंत बसन. काळी माती हाय बे. आधी सुकू दे तिले."

झाकण उघडून बघतो म्हटलं, तर अंगावरच आले. आतल्या वायूने धडधाकट माणूस दोन मिनिटांत जातो म्हणाले, आणि झाकणावर दगड ठेवला. मग टाकीशेजारी हातभर खड्डा खणला. या खड्ड्यात पाणी दिसतंय तोवर गाडी बोलवायची नाही. आमचे नळही त्यांनीच बंद केले.

"आणि आई?" मी विचारलं.

"वहिनी माह्या घरी येतीन."

त्यांचं घर उंचावर, मुरमाच्या जमिनीवर. काकू होत्या तेव्हा त्यांच्यासाठी कमोड बसवलेला. मग रोज आमची वरात निघायची: वॉकर धरून आई, तिला धरून बायको, आणि पुढे जीव मुठीत घेऊन मी. काकांनी चिखलात फरशीचे तुकडे टाकून वाट केली होती. येणं-जाणं झेपेना म्हणून आई दुपारपर्यंत तिथेच थांबू लागली. बायको कपडे तिकडेच धुवायला लागली. एरवी एक कप चहा करणारे काका पातेलंभर उकळायला लागले.

सकाळी ते खड्ड्यात काठी बुडवून बघत आणि म्हणत, "अजून दोन दिवस." झड उघडली, ऊन पडलं, लोक सोयाबीन फवारायला लागले. आमच्या खड्ड्यात पाणी ते पाणीच. टाकीच फुटली की काय, या धास्तीने माझी झोप उडाली. रोज त्या चिखलात आई घसरली तर, ही धास्ती वेगळी.

आठव्या दिवशी सकाळी दूध घ्यायला बाहेर आलो, तर मागच्या अंगणात काका बादलीने खड्ड्यात पाणी ओतत होते.

माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्या बाईला चिखलातून फरफटवता, लाज नाही वाटत, असं बरंच काही बोललो. त्यांनी बादली खाली ठेवली.

"सुकून तीन दिवस झाले," ते म्हणाले. मग खाली बघत, "माही टाकी बारा वर्षांत एकदाबी उपसली नाही, संजू. भरायले घरात मानसं लागते."

मागच्या दारात आई वॉकर धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"भाऊजी, चहा ठेवा," ती म्हणाली. "येऊनच राह्यली मी."

काका लगबगीने घराकडे गेले. मी गाडीवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, जमीन अजून ओली आहे, पुढच्या सोमवारी या.