वाकड्या तबकडीची मोहीम

बाळगोपाळांनो, मनात आणा की तुम्ही वैशाखातल्या रायपुरात एका गच्चीवर उभे आहात, आणि तळपाय भाजत आहेत, आणि समोर कुरडयांच्या शेजारी एक काळी तबकडी वाळत पडली आहे. तीच या बखरीचे कारण. तिजमुळे केवढा प्रसंग गुदरला तो यथास्थित कळावा, म्हणून आधी तबकडीची वंशावळ सांगणे प्राप्त आहे.

गाण्याच्या गादीवर प्रथम नळकांडे बसले. त्यावर मेण होते आणि मेणात सुई सुरांची रेघ कोरीत असे. मग लाखेच्या तबकडीने त्यास पदच्युत केले. लाख म्हणजे तीच, जी आपल्या छत्तीसगडात कुसुमाच्या नि पळसाच्या झाडांवर किडे करतात. ही तबकडी मोठ्या तोऱ्याची, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेई, आणि हातून पडली की ठिकऱ्या. मग विनाइल नामे प्लास्टिकाची तबकडी आली, संथ फिरणारी, सहसा न फुटणारी. मग कॅसेटने बंड केले, सीडीने कॅसेटीस बुडविले, आणि शेवटी मोबाइलाने दरोबस्त राज्य घेतले. परंतु विनाइलास एक शाप होता, तो उन्हाचा, आणि राजश्री उदयराव यांस तो ठाऊक नव्हता.

उदयराव मूळचे वऱ्हाडातले, हल्ली मुक्काम समता कॉलोनी, सरकारी कचेरीत नोकरीस. त्यांच्या मातोश्री सुशीलाबाईसाहेब तरुणपणी नागपुरात एका गायनमंडळात होत्या, आणि मंडळाचे एक समूहगीत तबकडीवर मुद्रित जाहले होते. त्याच मंडळात विमलाबाई, मातोश्रींच्या जिवलग. गीताच्या दुसऱ्या कडव्यात एक आवाज बाकी सर्वांच्या आधी सुटला आहे. तो कोणाचा, यावरून उभयतांत पन्नास वर्षे युद्ध चालू होते, आधी पत्रांतून आणि मग फोनवर, आणि शेजारी बसून ती तबकडी ऐकण्याचा योग काही आला नाही. आता विमलाबाई नागपूर सोडून लेकाकडे कोलकात्यास कायमच्या निघाल्या, आणि वाटेत एक रात्र रायपुरास उतरणार. दुसरी प्रत कोठे उरली नव्हती. निवाडा व्हायचा तर त्या संध्याकाळी, नाहीतर कधीच नाही.

त्याच सकाळी उदयरावांनी मोठ्या भक्तीने तबकडी साबणपाण्याने धुतली, आणि लवकर वाळावी म्हणून गच्चीवर उन्हात ठेविली, आणि चहास खाली आले, आणि चहामागून पोहे आले, आणि मग वर्तमानपत्र. वर जाऊन पाहतात तो तबकडीची वाटी जाहलेली, आत वरण वाढावे ऐसी. भर वैशाखात त्यांच्या अंगावर काटा आला.

मातोश्रींनी ती वाटी दोन्ही हातांत घेतली, फिरवून पाहिली, आणि म्हणाल्या, "काहून रे उदय, माह्या गाण्याची कुरडई घालून राहिला होता काय?"

एरवी ऐसे काही बोलून त्या स्वतःच आधी हसत. या खेपेस हसल्या नाहीत, आणि उदयरावांस मान वर करवेना.

मग स्वयंपाकघरात मसलत बसली, आणि सौभाग्यवती अर्चनाबाईंनी फर्मान काढले की, ज्या उन्हाने वाकविली त्यानेच सरळ करावी. दोन जाड काचांमध्ये धरून तापवावी, वर गव्हाचा डबा ठेवावा, आणि मग सावलीत निववावी. काचा सदर बाजारातून आणाव्या. आणि यापुढे उदयरावांनी गच्चीवर एकट्याने जाऊ नये.

उदयराव स्कूटीवर आरूढ जाहले, आणि मागे त्यांची कन्या श्रावणी, वय वर्षे दहा. सदर बाजारात लग्नसराई, सराफांच्या दारांपुढे गाड्यांचे मोर्चे, आणि हॉर्नचा ऐसा मारा की रणवाद्ये फिकी पडावी. काचवाल्याने मागणी ऐकताच "हव भैया" म्हणून काचा कापून दिल्या आणि त्यांच्या कडा जुन्या चादरीत गुंडाळल्या. श्रावणीने त्या छातीशी धरल्या, आणि परतीची कूच सुरू जाहली. तेव्हा चमत्कार ऐसा की जाताना ज्यांनी तसूभर वाट दिली नाही, त्यांनीच काच पाहून आपापल्या गाड्या बाजूस घेतल्या. एका ई-रिक्षावाल्याने तर पुढे होऊन "काँच है, काँच है" ऐसा पुकारा केला. उदयरावांस जन्मात ऐसा मान मिळाला नव्हता.

मग गच्चीवर वेढा पडला. काचांमध्ये तबकडी, वर गव्हाचा डबा, आणि टाकीच्या सावलीत बापलेक पहाऱ्यावर. फार तापली तर रेघाच विरघळतील, कमी तापली तर वाटी तैसीच, या विवंचनेत उदयरावांनी पाणीदेखील घेतले नाही. सावल्या लांबल्यावर तबकडी खाली आणून निवविली, आणि काच उचलून पाहिली. सरळ जाहली होती. म्हणजे बरीचशी.

संध्याकाळी विमलाबाई आल्या, आणि चहाचा मुलाहिजा न ठेवता म्हणाल्या, "सुशे, आधी लाव. मले तुझी चूक ऐकायची हाये."

तबकडी फिरू लागली, आणि सुई लाटेवरच्या डोंग्यासारखी वरखाली होऊ लागली. पहिले कडवे अडखळत गेले. दुसरे आले, स्वच्छ, आणि एक आवाज सर्वांच्या आधी सुटला, आणि त्याच क्षणी दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बोट केले.

श्रावणी म्हणाली, "आजी, तुम दोनों अभी गाओ ना. पता चल जाएगा."

तिने सुई मागे नेऊन ठेविली. दोघी सावरून बसल्या. दुसरे कडवे आले, आणि दोघीही तबकडीच्या आधी सुटल्या, एकदमच, एका आवाजात.

मातोश्री हसू लागल्या, सकाळचे राहिलेले सगळे हसू, आणि विमलाबाईंनी त्यांच्या मांडीवर चापट मारली, परंतु गाणे दोघींनीही सोडले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, मातोश्रींचे गाणे सुखरूप परत आले, पन्नास वर्षांच्या युद्धात उभय पक्ष सारखेच दोषी ठरून तह जाहला, आणि उदयरावांस गच्चीची बंदी कायम राहिली.

दोघी तिसऱ्या कडव्यास लागल्या तेव्हा श्रावणी पुढे वाकली, आणि तबकडीवरची सुई तिने हलकेच उचलून घेतली. त्या गातच राहिल्या.