गजऱ्यातली संत्री

एका माणसाची वर्षभराची संत्री मी एकदा केसांत माळली आणि मिरवत त्याच्याच घरी तिळगूळ द्यायला गेले. तेव्हा माझं वय एकोणीस. अक्कल त्याहून बरीच लहान.

तो माणूस म्हणजे हारूनबाबू. अनसिंग स्टेशनावरचे मालबाबू, क्वार्टरातले आमचे शेजारी. मूळचे कोकणातले, मराठी बोलणारे यहुदी. गावानं त्यांना आधी मुसलमान ठरवलं, मग ख्रिस्ती. शेवटी दमून ‘शनवारी विडी न पेटवणारे बाबू’ यावर समेट केला.

“वय होऊ दे!” हे त्यांचं पालुपद. चहाला उकळी नाही, वय होऊ दे. गाडी लेट, वय होऊ दे. अंगणातल्या संत्र्याच्या कलमाला तर त्यांनी वयाचा कायदाच लावलेला. पहिल्या तीन वर्षांचं फळ खायचं नाही, असं त्यांच्या धर्मात आहे. आदल्या साली लागलेली दोन संत्री त्यांनी खड्डा करून पुरली. माझ्या सासूबाई कुंपणावरून म्हणाल्या, “बाबू, खात नाई, देत नाई, माती काहून देऊन राह्यले?”

त्या साली पौषातल्या पुनवेला त्यांच्याकडे झाडांचं नवं वर्ष होतं. रिबकावहिनींनी गूळ-खोबऱ्यात पोहे कालवून मलिदा केला, वर पाच फळं मांडली. बाबूंनी डोक्यावर टोपी घालून एलियाहू नबीच्या नावानं प्रार्थना म्हटली. मी निरांजन घेऊन हजर.

“वहिनी, ओवाळू कोणाले? बाबूले का झाडाले?”

“कुणालाच नको गं. तू केळं खा.”

एवढ्यात बाबूंनी जाहीर केलं, “झाड आज चौथ्यात! आता जे फूल येईल त्याचं फळ आपलं.”

मी बोटं मोजली. “आषाढात लावलं. अडीचच वर्षं झाले ना!”

“आमचं वर्ष पावसाळा सरताना बदलतं. म्हणजे लावल्यावरचे दोन महिने, ते एक वर्ष. पुढची दोन मिळून तीन झाली, फक्त फळाची मोजणी या पुनवेपासून.”

“मग मी कितीची झाली, बाबू?”

“तुझं वय होऊ दे!”

मी मान डोलावली. कळलं काडीचं नाही. निघताना वहिनी हळूच म्हणाल्या, “चार स्टेशनांवर झाडं लावली यांनी. दर वेळी फळाआधी बदली. या खेपेला एक तरी संत्रं यांच्या हातात पडू दे.”

तेवढं मात्र कळलं. फळाला मी कुणाला शिवू देणार नव्हते!

पुढं झाड फुललं. रथसप्तमीला पाटलीणबाईंकडे हळदीकुंकू. माझ्या बोटांच्या हिशेबानं तिसरं वर्ष सरायला अजून अवकाश होता. म्हणजे यंदाचीही फळं पुरणारच. मग फुलं कायले वाया घालवा? दुपारी कुंपण ओलांडलं आणि एकूण एक कळी खुडली. गजरा असा झाला, की हळदीकुंकवाला बाया वाणाऐवजी माझ्या अंबाड्याकडेच पाहत होत्या.

तशीच तिळगूळ घेऊन बाबूंच्या दारात गेले. त्यांनी गजऱ्याकडं पाहिलं, मग खिडकीतून झाडाकडं. मी म्हटलं, “वास किती छान येऊन राह्यला ना!”

 वहिनी म्हणाल्या, “अगं, हीच ती चौथ्यातली फुलं.”

मी शेतकऱ्याची लेक, उभ्या उभ्या भोकाड पसरलं. गजरा ओढून काढायला हात वर नेला, तर बाबूंनी मला थांबवलं. म्हणाले,

“राहू दे, पोरी. फळं पिकेपर्यंत मला इथं ठेवतील याचा तरी काय भरवसा? आमची लेआ लग्न होऊन इस्राएलला गेली, तेव्हापासून या घरात फुलं माळून कुणी आलं नव्हतं. बस जरा. चहा घेऊन जा.”