अमृतातला 'अ'

माझ्या हातात कला आहे, हे मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आलोय. पटलं कोणालाच नाही, ही गोष्ट वेगळी! म्हणून यंदा एप्रिलमध्ये मी थेट पुरावाच मागवला. कागद कापायची मशीन! कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीनच्या तोंडात कागद द्यायचा, की ती खर्र खुर्र करत फुलं, पानं, अक्षरं कापून हातात देते. इंटरनेटवर एक बाई तिच्यावर दहा मिनिटांत अख्खा हॉल सजवते. मी म्हटलं, ती दहा मिनिटांत करते, तर जळगावच्या कॉलेजात बावीस वर्षं क्लार्की केलेला माणूस तासाभरात तरी नक्कीच करील!

खोकं उघडलं तेव्हा वडील, म्हणजे नाना, समोरच बसले होते.

"काय आणलंस, स्वप्नील?"

"कटिंग मशीन."

"कडबा कुट्टीची? अरे, पण आपल्याकडं म्हैस कुठंय?"

हेमांगी, माझी बायको, आतून म्हणाली, "म्हैस परवडली असती नाना! निदान दूध तरी दिलं असतं."

हसा म्हटलं, हसा! माझ्या डोक्यात वेगळाच बेत होता. मे महिन्यात नानांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आणि नाना एकच वाक्य धरून बसले होते. "सजवा नाहीतर नका सजवू. ओवाळायला अक्का नसेल तर पंच्याहत्तरी काय नि पंचवीस काय!"

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. राहणार सावदा, वय ब्याऐंशी. माझी आजी लवकर गेली, तेव्हा हिनंच नानांना कडेवर घेऊन वाढवलं. नानांना 'तोत्या' म्हणणारं या जगात आता तिच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. पण सात वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिच्या शेतात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, गरम पुऱ्या, चार गावचे पाहुणे पंगतीला. नानांनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, यंदा भरीत मिळमिळीत झालं."

खानदेशात माणसाला चोर म्हणा, एक वेळ चालेल. त्याच्या भरताला मिळमिळीत म्हणू नका!

अक्कानं हातातली परात खाली ठेवली. "मिळमिळीत? आता तुझ्या दारात पाय ठेवीन ते तू मेल्यावरच!"

"आणि मी तुझ्या दारात येईन तो तू बोलावल्यावरच!" नाना म्हणाले.

झालं! दोघंही शब्दाचे पक्के. नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तर अक्कानं मुलाबरोबर केळीचा एवढा मोठा घड पाठवला, पण स्वतः आली नाही. नानांनी त्यातली केळी आठ दिवस पुरवून खाल्ली, पण फोन केला नाही. तेव्हा माझा बेत असा, की हॉल इतका सुंदर सजवायचा, इतका सुंदर सजवायचा, की त्याचा फोटो बघून अक्काच्या काळजाचं पाणी झालं पाहिजे!

आता मशीनचं म्हणाल, तर ती परदेशी. तिला मराठीचा गंधही नव्हता! पहिल्याच दिवशी तिनं काने, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळे सुटे सुटे कापून टेबलावर ढीग घातला. मी ते डाळ निवडावी तसे निवडत बसलो. नाना मागे येऊन उभे राहिले. नाना वरणगावच्या हायस्कुलात चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेत. घरात लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन घेऊन तिच्यातल्या चुका काढतात, मग कोणाचं लग्न आहे ते बघतात.

"'महोत्सव'मधला 'त' अर्धा असतो."

"मशीननं पूर्ण कापला, नाना."

"मग मशीनला खाली बसव आणि पाच वेळा लिहायला लाव!"

गुलाबी कागद जाड निघाला, त्यात पातं अडकलं. पिवळा फाटला. शेवटी नीट कापला गेला तो फक्त पांढरा. म्हणून मी पांढऱ्या फुलांचा एक मोठा हार केला. तिसऱ्या दिवशी शेजारचे नूर महंमद चाचा डोकावले. त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, कागदाशी पन्नास वर्षांची दोस्ती.

"स्वप्नीलभाऊ, कापलं झकास! चिकटवणार कशानं?"

मी त्यांना मशीनबरोबर आलेले चिकट ठिपके दाखवले.

"हे? अरे, मैद्याची खळ करून देतो. जन्मभर पडणार नाही."

"चाचा, खळ जुनी झाली! हे आधुनिक आहे."

चाचांनी कूलरकडे पाहिलं, ठिपक्यांकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून निघून गेले. त्या 'बरं'चा अर्थ मला पुढं कळला.

आदल्या दिवशी संध्याकाळी भिंत तयार झाली. सगळ्यात वर 'श्री. तोताराम नाना'. त्याखाली ठसठशीत सोनेरी 'अमृत'. त्याखाली नानांचा मोठा फोटो, भोवती पांढऱ्या फुलांचा हार. फोटोखाली '१९५१ – २०२६', कारण इंटरनेटवरच्या बाईनं पण साल टाकलं होतं. आणि सगळ्यात खाली 'महोत्सव'.

हेमांगी कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "अहो, हे जरा... कसंतरीच दिसत नाही का?"

"तुला कलेतलं काय कळतं?"

जळगावचा मे महिना! कूलरशिवाय झोपणं म्हणजे तव्यावर झोपणं. रात्रभर हॉलमध्ये कूलर चालू राहिला.

सकाळी सहा वाजता उठलो, तर नाना आधीच हॉलमध्ये, भिंतीसमोर हात मागे बांधून उभे!  आता लाल पेन निघणार!

"कसं वाटतंय, नाना?"

"उत्तम!" नाना म्हणाले. "एकही चूक नाही. लगेच फोटो काढ आणि अक्काला पाठव."

चौतीस वर्षांत नानांनी कोणाच्याही वहीवर 'उत्तम' लिहिलं नव्हतं! माझी छाती इतकी फुगली की मला भिंतसुद्धा नीट दिसेना. मी फोटो काढला. खालचा 'महोत्सव' तेवढा त्यात आला नाही, कारण तिथं भाड्याच्या खुर्च्यांची चळत होती. फोटो अक्काच्या मुलाला, प्रेमराजभाऊला पाठवला. खाली लिहिलं, "प्रेमराजभाऊ, हे अक्काला दाखव. आज तरी तिनं यायलाच पाहिजे. दहा वाजता घरीच आहे. सगळे येताहेत."

मग स्वयंपाकाला आचारी आले, मंडपवाला आला. फोन सारखा खणखणायला नको म्हणून मी तो आवाज बंद करून कपाटावर ठेवून दिला. वा रे माझी अक्कल!

साडेनऊला नाना अंघोळीला गेले आणि दारात जीप थांबली. सावद्याची जीप! पाठोपाठ दुसरी! मी आनंदानं उडालोच. पहिल्या जीपमध्ये मागे अक्का! डोळ्यांवर पदर, दोन बाया तिला धरून बसलेल्या. गुडघे दुखत असतील बिचारीचे. बाप्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. ऊनच तसलं होतं! प्रेमराजभाऊ उडी मारून उतरला आणि त्यानं मला घट्ट मिठी मारली. डोळे पाण्यानं भरलेले. सात वर्षांनी त्याची आई आमच्या दारात, माणूस भरून येणारच की!

"स्वप्नील, कसं झालं रे हे?"

"एकदम मस्त झालं!"

तो जरा मागे सरकला. "त्रास झाला का फार?"

"त्रास तर झालाच! तीन दिवस चाललं होतं. पण मशीन लावली होती ना."

"मशीन लावली होती?"

"मशीनशिवाय होणंच शक्य नव्हतं, भाऊ! तरी मधेच दोनदा बंद पडली."

प्रेमराजभाऊनं कपाळावर हात मारून घेतला. "बंद पडली! मग रे?"

"मग काय! सगळं कापलं, एकेक तुकडा वेगळा केला, आणि काल संध्याकाळी पुन्हा चिकटवला."

भाऊचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं जीपचं दार धरलं. "आणि नाना? शेवटी... काही बोलले का?"

"'उत्तम' म्हणाले!"

एवढ्यात अक्का खाली उतरली आणि तिनं हंबरडा फोडला. "तोत्या रेऽऽ!"

मला वाटलं, गल्लीत कोणीतरी गेलं! मी पटकन खांद्यावर पंचा टाकला आणि नूरचाचांकडे वळून हळूच विचारलं, "चाचा, कोण गेलं हो?" चाचा दुकान बंद करून धावतच आले होते. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच वेडा झालोय. तोवर अक्का घरात शिरली होती! सात वर्षांनी तिचा पाय आमच्या उंबऱ्याच्या आत पडला, आणि तो क्षण बघायचा सोडून मी पंचा सावरत होतो!

हॉलमध्ये फोटोसमोर अक्का मटकन खाली बसली.

"तोत्या रे! असा कसा गेला रे मले न सांगता! माझं चुकलं रे! भरीत मिळमिळीतच व्हतं! मिरच्या भाजाले ठेवल्या अन् टाकाले इसरली मी! समद्यांसमोर कशी कबूल करू? तुझ्यावरच चिडली रे!"

"मंग सात वर्षांआधीच सांगाले काय झालं व्हतं तुले?"

हा आवाज अक्काच्या मागून आला. न्हाणीघराच्या दारात नाना! अंगात नवा पांढरा सदरा, केस ओले, डोळेही ओले.

पुढचं अर्धं मिनिट फार वाईट गेलं. एक बाई भिंतीला चिकटली. प्रेमराजभाऊनं माझाच हात इतका आवळला की वळ उठले. अक्का उठली, नानांजवळ गेली, त्यांचा गाल चाचपला, कान चाचपला, आणि मग पाठीत असा एक धपाटा घातला की आचारी बाहेर धावत आले!

"जिता हायेस! मेल्या, जिता हायेस तू!" आणि ती नानांच्या गळ्यात पडून रडायला लागली. नाना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू? कोण मेलं होतं नि कोण जगलं होतं, याचा मला अजून पत्ता नव्हता, पण रडलो.

"माझी शपथ मोडली रे तू," अक्का नाक पुसत म्हणाली.

"नाही मोडली." नानांनी भिंतीकडे बोट केलं. "लेखी आहे. वाच, प्रेमराज!"

प्रेमराजभाऊनं वाचलं. मीही वाचलं. तेव्हा कुठं वाचलं! 'श्री. तोताराम नाना. मृत.' खाली फोटो. पांढरा हार. १९५१ – २०२६. सोनेरी 'अ'च्या जागी कोरी भिंत, आणि त्याच्या बरोब्बर समोर ओलं वारं फेकणारा कूलर!

"अय्या!" हेमांगी म्हणाली. एवढंच. पुढचं ती पाहुणे गेल्यावर बोलली, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कपाटावरचा फोन काढला. त्यावर एकसष्ट कॉल येऊन गेलेले! हेमांगीचा फोन मिक्सरच्या आवाजात बुडालेला, आणि मेलेल्या माणसाच्या फोनवर फोन कोण करतो? प्रेमराजभाऊनं कळवलेले अमळनेरचे नातेवाईक निम्म्या वाटेत होते. त्यांना म्हटलं, "या, या, नाना जिवंत आहेत, तरी या!" पन्नास माणसांचा स्वयंपाक, माणसं झाली नव्वद! पण सगळ्यांना इतकं हायसं वाटलं होतं, की वरण-बट्टी कमी पडल्याचं कोणाला काही वाटेना. अक्कानं नानांना ओवाळलं. ताम्हन जड होतं, म्हणून नानांनीच त्याला खालून हात लावला.

पंगतीत मात्र पुन्हा एकदा बाका प्रसंग आला. अक्कानं आचाऱ्याच्या वांग्याच्या भाजीचा घास घेतला, चावला, आणि म्हणाली, "मिळमिळीत!"

सगळी पंगत नानांकडे बघायला लागली. नानांनी घास घेतला. सात वर्षं माणसाला बरंच काही शिकवतात.

"हो अक्का," नाना म्हणाले. "आहे खरी."

संध्याकाळी अक्का आत निवांत पडली होती. आठ दिवस राहणार म्हणाली. मी तोंड पाडून भिंतीवरची फुलं उतरवत होतो. नाना आले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सोनेरी 'अ' काढून माझ्या हातात ठेवला.

"नाना! म्हणजे तुम्ही काढलात?" माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे माझं चिकटवणं पक्कं होतं!"

"मी कशाला काढू? पहाटे कूलरपुढं पडला होता. परत लावायला उचलला, वर पाहिलं, आणि खिशात घातला." नाना खुर्चीवर टेकले. "मला वाटलं, फोटो बघून अक्का शिव्या द्यायला फोन करील. तेवढंच बोलणं होईल. ती अशी रडत येईल, हे नव्हतं वाटलं रे. तिचा आवाज ऐकला आणि भरलेला तांब्या तसाच टाकून सदरा चढवला. तिला काही झालं असतं तर?"

 मग त्यांनी लाल पेन काढलं, 'अ' माझ्याकडून परत घेतला, पालथा केला आणि मागे लिहिलं, "कापणे: १० पैकी ८. चिकटवणे: १० पैकी ०. शून्याबद्दल आभार."

तो 'अ' मी चौकटीत चिकटवून हॉलमध्ये टांगलाय. या वेळी ठिपके नाहीत, मैद्याची खळ! नूरचाचा करून देतो म्हणत होते, पण मी म्हटलं, चाचा, माझ्या हातात कला आहे, मी घरीच करतो.

परवा सकाळी 'अ' कूलरपुढं पडलेला सापडला.