माशांचा कडक उपास

चौतीस सालच्या श्रावणात नवी पेठेमागच्या आळीत घरटी एक माणूस हाडमोड्या तापानं अंथरुणाला खिळलं होतं. गौरम्माचा सगळा जीव तीन महिन्यांच्या संगूत. पट्ट्यापट्ट्यांचे डास भरदिवसा यायचे आणि नेमके त्याच्या गालावर बसायचे. उपजत होते परसातल्या हौदात, आणि भरलेला हौद उपसायला सासूबाई चन्नम्मा काही केल्या तयार नव्हत्या.

शेवटी म्युनिसिपालिटीचा कोंडीबा तांब्यात बोटभर लांबीचे चार मासे घेऊन आला.

"शिव शिव! मासे? आमच्या घरात?" चन्नम्मा दारात आडव्या आल्या.

"खायाला न्हाईत, आज्जी. ह्येच खात्यात. डासांच्या आळ्या."

मासे हौदात पडले, पण चन्नम्मांच्या जिवाला चैन पडेना. आपल्या घरात राहून कुणी जीव खायचा म्हणजे काय? दुसऱ्या दिवसापासून त्या काठावर बसून भाकरी कुस्करू लागल्या.

"खावा रे लेकरांनो. पोट भरल्यावर कशाला कुणाला माराल?"

आठवड्यात मासे टम्म फुगले. आळ्या नाकासमोर वळवळायच्या, पण हे ढुंकून बघत नसत. इकडे संगूच्या गालावर सात गांधी उठल्या.

सासूला 'नको' म्हणायची सोय नव्हती. गौरम्मा पोराला खांद्यावर थोपटत हळूच म्हणाली, "अव्वा, उद्या सोमवार. आपल्या घरचे मासे, आन् उपास न्हाई?"

"व्हय की गं! मग शेंगदाण्याचं कूट टाकू?"

"कडक धरू देत की."

"निर्जळी मातूर नको हं. पाण्यातच ऱ्हात्यात बिचारे."

सोमवार पार पडला. मंगळवार देवीचा निघाला. बुधवारी गौरम्मानं पंचांगातून कसलीशी तिथी शोधली, गुरुवारी आणखी एक. शनिवारपर्यंत हौदात औषधालाही आळी उरली नाही. संगू उघड्या अंगानं दुपारभर झोपला.

चन्नम्मा हौदात डोकावल्या आणि थक्क झाल्या. मासे गुबगुबीत, चकचकीत!

"सहा दिस कण न्हाई पोटात, आन् बघ कसं अंग धरलंय! उपासाचं तेज गं, दुसरं काय?" मग त्यांची नजर सुनेवर थांबली. "तू मातूर बाळंतपणापासनं नुसती काडी झालीयास. उद्यापासनं तू बी धर. ह्यांच्यावानीच, कडक!"

मासे आळ्यांवर पोसलेत हे खरं सांगावं, तर उद्याच त्यांना पुन्हा भाकरी सुरू. गौरम्मानं झोपलेल्या संगूच्या गुळगुळीत गालावरून बोट फिरवलं.

"व्हय, अव्वा."