तक्रारबाईंची वीस मिनिटं

पाणीपुरवठा कार्यालयात खिडकी क्रमांक तीनच्या मागे बसणाऱ्या बाईंचं खरं नाव शेजारच्या टेबलावरच्या लोकांनाही नीट आठवत नसे. सगळे त्यांना तक्रारबाईच म्हणत. नळाला पाणी येत नाही, येतं ते गढूळ येतं, चांगलं येतं तेव्हा नळातून न येता रस्त्यावरून वाहतं, आणि यातलं काहीच होत नसेल तर मीटर उगाचच पळतो, हे ऐकण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. लोक घरूनच आवाज चढवून येत. पाइप बाईंनीच स्वतःच्या हातानं फोडलाय, अशा नजरेनं त्यांच्याकडे बघत.

घरी काही निराळं नव्हतं. सासूबाईंना पंखा जोरात हवा असे, नवऱ्याला हळू, आणि त्या दोघांच्या वादात आपला अभ्यास होत नाही असं मुलीचं म्हणणं असे. तिघंही आपापलं गाऱ्हाणं घेऊन बाईंकडेच येत, कारण घरात त्या कामाचा अनुभव फक्त त्यांना होता. एकदा जेवताना नवरा म्हणाला, "भाजीत मीठ कमी पडलंय का गं?" तर बाई मान वर न करता म्हणाल्या, "मीटर क्रमांक सांगा."

तेव्हा मात्र घरच्यांचं धाबं दणाणलं. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी चौकशी करून त्यांचं नाव मंत्रध्यानाच्या वर्गात घातलं.

वर्ग शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरत असे. तिथले सर इतके संथ होते, की त्यांचं एक वाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत खाली शिंप्याची एक बाही शिवून होई. त्यांनी बाईंना समोर बसवलं, जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन अक्षरांचा एक मंत्र सांगितला.

"याचा अर्थ काय, सर?"

"अर्थ काही नाही."

"मग बरंय," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे काहीही न मागणारा शब्द बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कानावर पडला होता.

"रोज संध्याकाळी वीस मिनिटं," सर म्हणाले. "खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, मंत्र मनात म्हणायचा. विचार आले तर येऊ द्यायचे आणि अलगद मंत्राकडे परत यायचं. पण ती वीस मिनिटं सोडून दुसरीकडे कुठं वापरायचा नाही. ही डोकेदुखीची गोळी नाही."

पहिला महिना असा गेला, की बाईंना आपल्या नशिबाचा भरवसा वाटेना. कामावरून आल्यावर त्या आतल्या खोलीचं दार लावून घेत आणि वीस मिनिटं या जगात त्यांच्याकडे कुणाचं काही काम नसे. सासूबाई दाराबाहेर खुर्ची टाकून राखण करत. कुणी आलंच, तर सून परगावी गेल्यासारखं "ती आत गेलीय" एवढंच सांगत. दिवसातली फक्त ती वीस मिनिटं बाईंच्या स्वतःच्या मालकीची होती. बाकी सगळा दिवस त्या तेवढ्याच आशेवर ढकलत.

घोटाळा झाला तो एका सोमवारी. एक गृहस्थ गढूळ पाण्यानं भरलेली बाटली खिडकीवर आपटत ओरडत होते. त्यांच्यामागे वीस माणसं होती. बाईंनी तक्रारअर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि कसं कोण जाणे, मंत्र आपोआप सुरू झाला. डोळे उघडेच होते. समोर गृहस्थांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. बाईंची मान मंत्राच्या तालावर हळूहळू हलू लागली.

गृहस्थांचा आवाज आधी उतरला, मग खांदे उतरले. शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, चार कार्यालयं फिरलो," ते म्हणाले. "इतकं मनापासून कुणीच ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं."

ते गेले. बाटली तिथंच राहिली. बाईंनी खाली पाहिलं, तर अर्ज कोरा होता.

आता शहाण्या माणसानं इथंच कानाला खडा लावला असता. पण मागची वीस माणसं पुढे सरकत होती आणि त्या दिवशी बाई फार दमल्या होत्या. त्यांनी मनाशी म्हटलं, फक्त आजचा दिवस. त्या आठवड्यात तो आजचा दिवस पाच वेळा आला.

महिनाअखेर साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली.

"बाई, मागच्या महिन्यात रोज साठ तक्रारी नोंदल्या जायच्या. या महिन्यात नऊ. काय केलंत तरी काय?"

"काहीच नाही, साहेब," बाई म्हणाल्या, आणि ते शब्दशः खरं होतं.

"हाच तुमचा मोठेपणा," साहेब म्हणाले. त्यांनी तसा अहवाल वर पाठवला. वरून शाबासकी आली आणि शाबासकीपाठोपाठ हुकूमही आला, की ज्या विभागात तक्रारीच उरल्या नाहीत तिथं तीन दुरुस्ती पथकं ठेवण्याचं कारण नाही. दोन पथकं दुसऱ्या विभागात रवाना झाली.

मग व्हायचं तेच झालं. ठिबकणारे पाइप वाहू लागले आणि वाहणारे फुटले. खिडकीपुढची रांग जिना उतरून रस्त्यावर गेली. आणि जितकी रांग वाढे तितका बाईंना मंत्र जास्त लागे, आणि जितका मंत्र चाले तितके अर्ज कोरे राहत. लोक मात्र खूश होते. एक आजी गळक्या नळापासून सुरुवात करून सुनेवर आल्या आणि मनसोक्त बोलून गेल्या. एक काका तर नेमानं दर गुरुवारी येऊ लागले. शिपायानं त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आमच्याकडे नळच नाही, विहीर आहे. पण इथं आलं की हलकं वाटतं."

इतकं सगळं खपून गेलं असतं. पण एका संध्याकाळी बाईंनी दार लावलं, डोळे मिटले, मंत्र म्हटला, आणि डोळ्यांपुढे बाटलीवाले गृहस्थ येऊन उभे राहिले. या वेळी त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. "तिसरी गल्ली, पिवळ्या फाटकासमोर, चौदा दिवस झाले." बाई अलगद मंत्राकडे परत आल्या. मंत्रानं लगेच आजींना पुढे आणलं. पुन्हा मंत्र म्हटला, तर विहीरवाले काका. दिवसभर खिडकीवर मंत्र म्हणजे पुढचा माणूस अशी मनाला सवय लागली होती, आणि आता मंत्र म्हटला की पुढचा माणूस येत होता. दिवसा जे जे ऐकायचं राहिलं होतं ते सगळं त्या वीस मिनिटांत पत्त्यांसकट, ओळीनं हजर होत होतं.

दार उघडून बाई बाहेर आल्या तेव्हा नवरा उत्सुकतेनं उभाच होता.

"काय अनुभव आला आज?"

"टाकीजवळची मोठी जलवाहिनी फुटलीय."

नवऱ्यानं डोळे विस्फारले. "आई," तो सासूबाईंना म्हणाला, "ही फार पुढे गेलीय."

बाईंनी खिडकीवर मंत्र बंद करून पाहिला. पेन घेतलं आणि पूर्वीसारखं विचारायला लागल्या, मीटर क्रमांक काय, कुठली गल्ली, केव्हापासून. लोक भडकले. "काल आमच्या वहिनींचं किती प्रेमानं ऐकलंत आणि आम्हालाच काय हो चौकश्या लावल्यात?" त्या एका दिवसात एक्केचाळीस तक्रारी नोंदल्या गेल्या. साहेब तो गठ्ठा हातात धरून खिडकीपाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, पथकं तर पाठवून दिली. आता या एक्केचाळीस तक्रारींचं मी काय करू? पूर्वी करायचात तसंच करा ना."

तक्रारबाई जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून रडल्या. नोकरीनं त्यांचा दिवस घेतला होता, घरानं उरलेला घेतला होता, त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. पण वीस मिनिटं मिळाली होती, तीही त्यांनी आपल्याच हातानं कार्यालयाला देऊन टाकली होती. आता डोळे उघडले तरी रांग होती आणि मिटले तरी रांग होती. मेल्यावरही आपल्यापुढे कुणीतरी बाटली घेऊन उभं राहील, अशी त्यांची खात्री पटली.

शनिवारी त्या सरांकडे गेल्या. नवा मंत्र मागायचा, नाहीतर जुना साफ करून मागायचा, असं ठरवूनच त्या जिना चढल्या.

"बोला," सर म्हणाले.

बाई बोलल्या. खिडकी, बाटली, पथकं, साहेब, सगळं बोलल्या. मग सासूबाईंचा पंखा आला, मुलीची परीक्षा आली, आणि बावीस वर्षांत "तुम्ही कशा आहात" हे खिडकीच्या पलीकडून एकानंही विचारलं नाही तेही आलं. सर शांतपणे मान हलवत होते. पाऊण तासानं बाई थांबल्या तेव्हा त्यांना पिसासारखं हलकं वाटत होतं.

"मंत्र चालू ठेवा," सर म्हणाले.

बाई आनंदानं जिना उतरू लागल्या. पाचव्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला. पाऊण तासात सरांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांची नजर बाईंच्या दोन भुवयांच्या मधोमध होती. आणि मान सारख्या अंतरानं हलत होती, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण बाई तेच काम रोज आठ तास करत होत्या.

त्या परत वर गेल्या.

"सर, मी आत्ता काय सांगितलं?"

खाली शिंप्याची एक बाही शिवून झाली. "फार मनापासून सांगितलंत," सर म्हणाले.

"कशाबद्दल?"

"घराबद्दल?" सरांनी अंदाज बांधला.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. राग यायला हवा होता, पण कुठल्या तोंडानं रागावणार?

"केव्हापासून करताय, सर?"

"सहा वर्षं," सर मान खाली घालून म्हणाले. "रोज तीस जण येतात, बाई. सगळ्यांचं ऐकत बसलो असतो तर वेड लागलं असतं. आणि न ऐकलं तर त्यांना जास्तच बरं वाटतं, हे माझ्या लक्षात आलं."

"आणि संध्याकाळी? डोळे मिटल्यावर?"

सरांनी चमकून वर पाहिलं. मग उठून दार लावलं. "तुमच्याकडेही येतात?" त्यांनी हळूच विचारलं. "मला वाटायचं मी एकटाच. बाई, चार वर्षं झाली, मी ध्यानाला बसलेलो नाही. नुसता शिकवतो. रोज सगळे उठून गेले की मला स्वतःचीच लाज वाटते. हे आजवर मी कुणापाशी बोललो नाही."

बाईंना त्यांची फार दया आली. या माणसाचं तरी खरं ऐकायचं, अगदी शब्द न् शब्द ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं. पर्समधून पेन काढलं, टेबलावरचा कागद पुढे ओढला.

"सांगा, सर. नीट सुरुवातीपासून सांगा. पहिल्यांदा केव्हा झालं?"

"तसं सांगता येणार नाही, पण एक दिवस असं झालं की..."

"साधारण महिना?"

"महिना असेल कुठलातरी. तर समोर एक बाई बसल्या होत्या आणि..."

"सकाळची वेळ की संध्याकाळची? आणि रोज किती जण येतात म्हणालात, तीसच ना?"

"अहो बाई," सर एकदम चिडून म्हणाले, "मध्ये मध्ये चौकश्या कसल्या करताय? माणूस इतकं मनातलं सांगतोय. जरा शांतपणे ऐकून घ्या की."

तक्रारबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, हात मांडीवर ठेवले आणि सरांच्या दोन भुवयांच्या मधोमध नजर लावली. त्यांची मान हळूहळू हलू लागली. सरांचा आवाज उतरला, कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि ते अगदी मोकळेपणानं बोलत राहिले. ते काय बोलत होते हे बाईंना संध्याकाळी कळणार होतं.