काश्मीर, केरळ आणि मनसारामभाऊंचा कूलर

फारूकला काश्मीर नको होतं आणि केरळही नको होतं. त्याला झोप हवी होती. पण हे घरात बोलून दाखवायची सोय नव्हती. लग्न झाल्यापासून तो दर वर्षी "पुढच्या उन्हाळ्यात नक्की" म्हणत आला होता, आणि यंदा त्याच्या बायकोने, कमरजहाँने, तो पुढचा उन्हाळा हाच आहे असं जाहीर करून टाकलं होतं.

फारूक कूलर दुरुस्त करायचा. चंद्रपुरात होळीपासून मृग लागेपर्यंत माणसाचं एक वेळ डॉक्टरवाचून चालेल, कूलरवाल्यावाचून नाही. वर्षाची कमाई याच दिवसांत व्हायची, आणि मुलीला, तबस्सुमला, कॉलेजची सुट्टीही याच दिवसांत लागायची. कमाई सोडून फिरायला जायचं नाही आणि सुट्टी सोडून जाता यायचं नाही. त्यामुळे हे कुटुंब आजवर सर्वांत लांब गेलं होतं ते एटापल्लीला, कमरजहाँच्या माहेरी. तेसुद्धा भर पावसाळ्यात. रस्त्यातल्या नाल्याला पूर आला होता आणि निम्मी सहल एसटीत बसूनच पार पडली होती.

"मले बर्फ पाहायचा आहे," कमरजहाँ म्हणाली. "एकदा तरी थंडीनं माहे दात वाजले पायजेत. मंग मेली तरी चालते."

"अम्मी, बर्फ तं आपल्या फ्रिजमधीही आहे," तबस्सुम म्हणाली. "समुद्र आहे का फ्रिजमधी? नदी पाह्यली, तलाव पाह्यला, धरण पाह्यलं. समुद्र आपल्या खानदानात कोणीच नाई पाह्यला."

"दोन्हीकडं पाणीच पाहायचं ना?" फारूक थकलेल्या आवाजात म्हणाला. "मी तं दिवसभर पाणीच पाहून राह्यलो. टाक्यांमधलं."

या विनोदावर कोणीही हसलं नाही. पैसे जेमतेम एका ठिकाणापुरते होते. चंद्रपूर पडलं देशाच्या मधोमध, त्यामुळे अंतराचा निकाल लावावा तर बर्फही तितकाच दूर आणि समुद्रही तितकाच दूर. बल्लारशाच्या फलाटावरून एक गाडी वर जम्मूकडे जाते आणि एक खाली केरळकडे. वर जावं तर मुलगी रुसणार, खाली जावं तर बायको. इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये कूलरवाला.

चार दिवस वाद चालल्यावर फारूकला एक युक्ती सुचली. "दोन्हीकडचं वेटिंगचं तिकीट काढून ठेवा," तो म्हणाला. "जे कन्फर्म होईल तिकडं जाऊ. मंग कोणी तोंड फुगवायचं नाई. रेल्वे जे म्हणंल ते."

मायलेकींना हे न्याय्य वाटलं. तबस्सुमने लगेच मोबाइलवर दोन्ही तिकिटं काढली, एकाच तारखेची. फारूकच्या पोटात मात्र वेगळंच पाप होतं. मे महिन्यात वेटिंगचं तिकीट कन्फर्म झाल्याचं त्याने तरी कधी ऐकलं नव्हतं. दोन्ही तिकिटं बुडणार, दोष रेल्वेला जाणार आणि त्या दिवसांत आपण दार लावून ताणून देणार, असा त्याचा साधा हिशोब होता. त्या रात्री तो फार समाधानाने निजला.

दुसऱ्या दिवशी कमरजहाँने भिंतीपलीकडच्या साधनाबाईंना नुसतं एवढंच विचारलं, की स्वेटर आहे का. चंद्रपुरात मे महिन्यात कोणी स्वेटर मागितला, तर तो माणूस एक तर तापाने फणफणलेला असतो किंवा लांब निघालेला. दुपार व्हायच्या आत बातमी तुकुमपासून बाबूपेठेपर्यंत पोचली की फारूक कूलरवाला दुकान बंद करून चालला.

मग गिऱ्हाइकं आली. एकामागून एक नाही, एकदमच आली.

"फारूकभाऊ, तुमी काश्मीरले चालले म्हणते?"

"काश्मीरले नाई, केरळले चालले ते. मले पक्कं मालूम आहे."

"कुठीही जा बावा, पण माहा कूलर देऊन जा! तुमी तिकडं बर्फात अन् आमी इथी भाजून मरू का?"

ज्यांचे कूलर झाले नव्हते त्यांनी ते आजच करून मागितले. ज्यांचे कूलर घरी धडधाकट चालू होते, त्यांनीही ते हातगाडीवर घालून आणले. भाऊ गावाला जाण्याआधी एकदा नजर टाकून देतील, म्हणून. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. फारूक पहाटेपासून दिवे लागेपर्यंत पंप खोलत होता, मोटारी बांधत होता, आणि डोक्यावर उभं राहून प्रत्येक जण त्याला सहलीचा सल्ला देत होता. काश्मीरला मटण चांगलं मिळतं. केरळात घाम फार येतो. इतक्या लांब जाण्यापेक्षा ताडोबा काय वाईट आहे. सुट्टीच्या नुसत्या नावाने त्याची कंबर धरली.

तिसऱ्या दिवशी मनसारामभाऊ आले. मनसारामभाऊ मूळचे पोंभुर्ण्याकडचे, वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांचा कूलर होळीपासून फारूककडे होता. त्याचा पंप नागपूरवरून यायचा होता. दर आठवड्याला ते येऊन विचारायचे आणि दर आठवड्याला पंप तिकडून नुकताच निघालेला असायचा.

"माहा तसाच देऊन टाका, फारूकभाऊ," ते म्हणाले. "पंप आला की दुसऱ्या कोणाजवळून बसवून घेईन."

"कायले घाई करता? आज-उद्यात येतेच तो," फारूक म्हणाला.

मनसारामभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मान तिरपी करून काहीतरी ऐकत होते. उभी हयात जंगलात गेलेला माणूस, पान हललं तरी ओळखणारा. आतल्या खोलीतून कूलरची घरघर येत होती. ते चपला काढून सरळ आत गेले. खोलीत गारवा होता, तबस्सुम पुस्तक वाचत पडली होती आणि खिडकीत एक कूलर मजेत चालला होता. त्याच्या डाव्या अंगाला पोचा होता.

"हा पोचा माह्या नातवाच्या बॅटचा आहे," मनसारामभाऊ म्हणाले.

"टेस्टिंग चालू आहे," फारूक म्हणाला.

इथे सांगायला हवं की फारूक लबाड नव्हता. कूलर दुरुस्त झाला की तो दोन-तीन दिवस चालवून पाहायचा, ही या धंद्यातली रीतच आहे. आता चालवून पाहायचाच आहे तर आपल्याच खोलीत पाहिला म्हणून काय बिघडलं? हा गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा, असे फारूकच्या घराने उन्हाळ्यामागून उन्हाळे काढले होते. स्वतःचा कूलर घ्यायची गरजच कधी पडली नाही. एखादा कूलर जरा जास्त थंड हवा देऊ लागला, की त्याचं टेस्टिंग लांबायचं, इतकंच.

"होळीपासून टेस्टिंग?" मनसारामभाऊंचा आवाज मुळीच चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "मी ओला टॉवेल अंगावर घेऊन निजून राह्यलो, फारूकभाऊ. नोकरीत वाघाची वाट पाह्यली नाई एवढी त्या पंपाची वाट पाह्यली."

अंगणातल्या गिऱ्हाइकांनी हे ऐकलं. मग कोणाला थांबवता येणार? सगळे आत शिरले. स्वयंपाकघरात चालणारा छोटा कूलर झिंगूभाऊ किराणावाल्यांचा निघाला, मागच्या खोलीतला एका मास्तरांचा. ज्याचा त्याने उचलला. तासाभरात अंगण रिकामं झालं आणि घरही. होळीनंतर पहिल्यांदाच तिथे एकही पातं फिरत नव्हतं. भिंतींनी तेवढ्याचीच वाट पाहिली असावी, अशा त्या तापल्या.

फारूक ओसरीवर मान खाली घालून बसला. कमरजहाँ भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती भांडली नाही. पदराने वारा घेत शेजारी बसली.

"मी काश्मीर काश्मीर काऊन करतो, मालूम आहे तुमाले?" ती म्हणाली. "कूलरवाल्याची बायको आहो मी. माहेरी सगळे म्हणते, तुह्या घरी तं गार राहत असंल. हाव, गार राहते. पण एखाद्याची हवा अंगाले लागते न लागते तं तो येऊन त्याचा कूलर नेते. लग्न झालं तेव्हापासून मी लोकायच्या हवेत निजून राह्यली. आपली हवा कशी राहते, मले माईतच नाई."

फारूकला खरोखर शरम वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. साऱ्या गावाला हवा पुरवणाऱ्या माणसाला हे कधी सुचलं नव्हतं, आणि तिनेही आजवर म्हटलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस पारा असा चढला, की रात्री गच्चीवर निजणाऱ्यांनाही आगीतून फुफाट्यात आल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी कमरजहाँने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि फारूकपुढे पैसे ठेवले.

"हे हाटेलचे आहेत," ती म्हणाली. "नवी मोटर आणा. नवा पंप आणा. अन् वाळ्याच्या ताट्या, गवताच्या नाई. त्यात कोणाची जुनी मोटर बसवली तं मी चालली एटापल्लीले."

"मंग जाऊन राहू कुठी?" फारूकने विचारलं.

"आधी जिवंत तं राहू द्या!"

फारूक गोलबाजारात गेला आणि सामान घेऊन आला. मागच्या पडवीत एक चांगला मोठा सांगाडा कधीचा पडून होता, तो त्याने घासून रंगवला. डोक्यावर कोणी उभं नव्हतं, कोणी घाई करत नव्हतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याने प्रत्येक स्क्रू मनापासून पिळला. दुपारी कूलर खिडकीत बसला, ताट्यांवर पाणी झरलं आणि खोलीभर ओल्या वाळ्याचा वास सुटला. हवा अशी आली, की तबस्सुमने हातातला मोबाइलसुद्धा खाली ठेवला. कमरजहाँने साधनाबाईंकडून आणलेला स्वेटर बाहेर काढला आणि अंगात घातला.

"वाजले का दात?" फारूकने विचारलं.

"वाजून राह्यले," ती डोळे मिटून म्हणाली. ते खोटं होतं, पण ती इतकी खूश फारूकला क्वचितच दिसली होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. तबस्सुमने तो उचलला आणि ताडकन उठून बसली.

"अब्बा! कन्फर्म झालं!"

"कोणतं?"

"दोन्ही."

फारूक हबकला. रेल्वेने असा दगा दिल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. आणि मग त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण त्याला राग आला नाही. बाहेर अंगण रिकामं होतं. मे महिना होता आणि एकही कूलर त्याच्या नावाने खोळंबला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुठे जायला कोणाची आडकाठी नव्हती. डोळ्यांपुढे एकदम बर्फ आला, त्याच्यामागे समुद्र आला, आणि आपल्याला दोन्ही पाहायची केवढी इच्छा आहे हे त्याला तेव्हा कळलं.

"चला!" तो उठून उभा राहिला. "हाटेल नसलं तं नसलं, धर्मशाळेत राहू. बोला, वर का खाली?"

कोणी हललं नाही.

"या उन्हात? स्लीपरच्या डब्यात?" कमरजहाँ म्हणाली. "गाडीत कूलर राहते का?"

"अब्बा, समुद्र कुठी पळून चालला?" तबस्सुम पुन्हा आडवी झाली. "पुढच्या उन्हाळ्यात जाऊ ना."

"अन् हा इथी एकटा कोणाच्या भरोशावर ठेवायचा?" कमरजहाँने कूलरकडे असं पाहिलं, जसं तान्ह्या लेकराकडे पाहावं. "आता कुठी आपली हवा आली घरात, अन् सोडून जायचं? कॅन्सल कर, बेटा. दोन्ही कर."

तबस्सुमने झोपल्या झोपल्या दोन्ही तिकिटं रद्द केली. काश्मीर गेलं, केरळही गेलं. फारूक निमूटपणे कूलरसमोरच्या चटईवर आडवा झाला. निदान झोप तरी, असं त्याने मनाला समजावलं. डोळा लागतो न लागतो तोच दार वाजलं.

त्याने दार उघडलं. बाहेर भर उन्हात मनसारामभाऊ उभे होते. मागे हातगाडी, आणि तिच्यावर डाव्या अंगाला पोचा असलेला कूलर.

"गेले नाई ना अजून? बरं झालं. पंप बंद पडला."

"मी नाई इथी, मनसारामभाऊ," फारूक काकुळतीने म्हणाला. "मी काश्मीरले गेलो."

"अब्बा, केरळले!" आतून तबस्सुम ओरडली.

मनसारामभाऊंनी कपाळाचा घाम पुसला आणि मान तिरपी केली. अर्ध्या उघड्या दारातून हवा येत होती. ते चपला काढून सरळ आत गेले आणि कूलरपुढे थांबले. त्यांनी त्याचं डावं अंग पाहिलं, उजवं अंग पाहिलं.

"हा कोणाचा आहे?"

"आमचा," कमरजहाँ उठून बसत म्हणाली, आणि ती हे ज्या तोऱ्यात म्हणाली ते ऐकून फारूकलाही बरं वाटलं. ती त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली.

मनसारामभाऊ फारूकच्या चटईवर बसले. मग भिंतीला टेकले. मग खांद्यावरचा टॉवेल घडी करून त्यांनी डोक्याखाली घेतला आणि पाय लांब केले. फारूक पाना घेऊन उंबऱ्यात उभा होता. समोर अंगणात ऊन रखरखत होतं आणि हातगाडीवरचा कूलर वाट पाहत होता.

"पंप सावकाश पाहा, फारूकभाऊ," मनसारामभाऊ डोळे मिटून म्हणाले. "पायजे तं नागपूरवरून मागवा. तोवर मी याची टेस्टिंग करतो. मले काई घाई नाई."