भरलेला दवाखाना

रिकाम्या दवाखान्यात पेशंट पाय ठेवत नाही, हे माझं ठाम मत आहे. पाठ कितीही धरलेली असो, बाहेरच्या खुर्च्या मोकळ्या दिसल्या की माणूस आल्या पावली परत जातो. म्हणून नोकरी सोडून मी स्वतःचा कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हातांनी मणके जागेवर आणायचा दवाखाना काढला, तेव्हा पहिल्या दिवसाची जय्यत तयारी केली. खुर्च्या भरायला बायकोच्या माहेरची माणसं बोलावली.

"त्यांनी करायचं काय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. वाकडं बसायचं आणि अधूनमधून कण्हायचं. अकराला एक ट्रक ड्रायव्हर येणार आहे, तो एकच खरा पेशंट. तो नाराज होऊन गेला तर मी परत जुन्या साहेबांच्या दारात!"

निरोप देताना साहेब म्हणाले होते, "माशा मारून कंटाळलास की ये." ते मला फार लागलं होतं.

साडेदहाला सासूबाई, मेहुणी आणि मेहुणा हजर झाले. सासूबाई हौसेने कमरेला पट्टा बांधून आल्या होत्या. मेहुणा मान खाली घालून मोबाईल बघत होता; त्याला वेगळा अभिनय करावा लागला नाही. बायको सगळ्यांसाठी चहा सांगायला बाहेर पडली. तिचे धाकटे काका तेवढे यायचे होते. त्यांना मी लग्नात एकदाच पाहिलं होतं, तेही फोटोच्या गर्दीत.

इतक्यात एक गृहस्थ भिंत धरून धरून आत आले. इतके वाकले होते की मला चेहऱ्याआधी टक्कल दिसलं. त्यांची तयारी बघून मी भारावूनच गेलो.

"या काका, बसा. वा, काय कण्हताय! जरा मोठ्याने. अजून डावीकडे झुका बघू. आणि उजवा पाय लांब करा."

"मग?" त्यांनी दात आवळून विचारलं.

"मग काही नाही. असंच करत राहायचं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

बरोबर अकराला दारात दुसरे गृहस्थ उभे राहिले. एकदम ताठ. पाठ एवढी ताठ म्हणजे पार जखडलेली असणार, असं निदान मी उभ्या उभ्या करून टाकलं. सासूबाई काहीतरी सांगायला उठत होत्या, त्यांना मी खुणेनेच बसवलं आणि पाहुण्यांना हाताला धरून थेट आत नेलं.

"अहो, पण मी..."

"सगळे सुरुवातीला असंच म्हणतात."

टेबलावर पालथं निजवून त्यांचं तोंड मी टेबलाच्या भोकात बसवलं. त्यानंतर ते जे काही बोलले ते सगळं फरशीला ऐकू गेलं. मी पाठीवर हात ठेवले आणि दाबलं. कडकड असा सुरेख आवाज झाला. मी स्वतःवरच खूश होतो, तोच बायको आत आली आणि ओरडली, "अरे, काकांना काय करतोयस?"

"हे काका? मग बाहेरचे काका कोण?"

"बाहेर आई, ताई आणि दादा. चौथ्या माणसाला मी ओळखत नाही."

माझा पहिला पेशंट, माझ्या नव्या दवाखान्याचा एकुलता एक आधार, अर्धा तास बाहेर कण्हत बसला होता, आणि तेसुद्धा मीच सांगितलं म्हणून. मी धावत बाहेर गेलो.

ड्रायव्हरसाहेब सरळ उभे होते आणि दोन्ही हात वर करून छताचा पंखा गाठायचा प्रयत्न करत होते.

"डॉक्टर, तुम्ही उठू नका म्हणालात, पण कळ गेली तसं राहवेना. इतके डॉक्टर झाले, पण हात न लावता कंबर सोडवणारा पहिलाच भेटला."

"आम्हाला वाटलं, ही तुमची नवी पद्धत," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. दवाखाना चालणार होता.

"उद्या माझ्या मेहुण्याला आणतो. त्याचीही कंबर धरली आहे," ड्रायव्हर म्हणाले.

"जरूर आणा."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. बायकोच्या खांद्यावर भार टाकून, कमरेत दुमडलेले धाकटे काका एकेक पाऊल टाकत बाहेर आले. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले,

"मेहुण्याला इथेच बसवा हं, डॉक्टर. आत नेऊ नका."